माळरानाचा नोंदकार : कर्नल साइक्स

पुण्याहून पूर्वेकडे निघाले की सह्याद्रीची हिरवाई हळूहळू मागे पडत जाते आणि शिरूर व दौंड या तालुक्यांचा उघडा, विस्तीर्ण प्रदेश समोर येतो. शिरूरच्या उत्तरेस घोड नदी वाहते. शिरूर आणि दौंड यांच्या मधून भीमा जाते, आणि पुण्याचे पाणी घेऊन आलेली मुळा-मुठा याच भागात भीमेला मिळते. नद्यांच्या काठाने आज उसाचे मळे आहेत, कालवे आहेत, कारखान्यांची धुराडी आहेत. परंतु पाटाचे पाणी जेथे पोचलेले नाही, तेथे अजूनही जुना माळ दृष्टीस पडतो. खडकाळ जमीन, पवना आणि कुसळी यांचे गवत, मधूनच एखादी बाभूळ किंवा हिवर, आणि वर अफाट आकाश. पाऊस बेताचाच. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिते झाले म्हणजे उरलेसुरले पाणी इकडे येते.

अशा माळावर पाहण्यासारखे ते काय असणार, असे पुष्कळांना वाटते. मी शिरूर तालुक्यात शिक्षक असताना मलाही तसेच वाटत असे. एका पावसाळ्यात आमच्या वर्गातील एका मुलाने काड्यापेटीत घालून एक भुंगेरा आणला. नदीकाठचा ओला दगड त्याने उलटला, तेव्हा हा प्राणी त्याखालून वेगाने पळत सुटला होता. त्याच्या पाठीवर गर्द हिरवी झाक होती, आणि उन्हात धरले की तीवर तांब्याची झळाळी चढत असे. पकडताना मुलाच्या बोटांना जो उग्र वास लागला, तो दोनदा हात धुऊनही गेला नव्हता. हा कोणता भुंगा, असे त्याने मला विचारले. मला उत्तर देता आले नाही, आणि ती रुखरुख मनात राहिली.

पुढे पुस्तके चाळताना कळले की, धातूसारखे चकाकणारे असे भुंगेरे कॅराबिडी नावाच्या मोठ्या कुलात मोडतात. ते फुलावर किंवा शेणावर बसणारे नव्हत. दिवसा ते दगडाखाली, पाचोळ्याखाली दडतात आणि रात्री जमिनीवर धावून अळ्या व किडे मारून खातात. या दृष्टीने ते शेतकऱ्याचे न सांगता राबणारे राखणदारच होत. या कुलातील क्लीनियस नावाच्या प्रजातीत हिरव्या, तांबूस झळाळीच्या अनेक जाती आहेत, आणि त्यांपैकी एकीचे शास्त्रीय नाव क्लीनियस साइक्सी असे आहे. लंडनमधील कीटकशास्त्रज्ञ फ्रेडरिक विल्यम होप याने १८३३ साली ते नाव दिले. त्या नावात ज्याचा गौरव केला आहे, तो विल्यम हेन्री साइक्स मूळचा कीटकशास्त्रज्ञ नव्हता. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला एक अधिकारी होता.

साइक्सचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी, म्हणजे आज मुले ज्या वयात माध्यमिक शाळेत असतात त्या वयात, १८०४ साली तो कंपनीच्या मुंबई इलाख्याच्या फौजेत दाखल झाला. दुसऱ्याच वर्षी भरतपूरच्या वेढ्यात त्याने लढाई पाहिली. पुढे तो हिंदुस्थानी व मराठी या दोन्ही भाषा शिकला आणि दुभाष्याच्या परीक्षेत उत्तीर्ण झाला. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकी आणि पुणे येथे पेशव्यांच्या फौजेशी ज्या लढाया झाल्या, त्यांत इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या पलटणीत तो होता. पेशवाई बुडवणाऱ्या सैन्यातला हा माणूस. त्याचे चरित्र वाचताना आपल्याला ही गोष्ट विसरता येत नाही, आणि विसरण्याचे कारणही नाही. तथापि तलवार म्यान झाल्यावर त्याने हाती जी लेखणी घेतली, तिची हकीकत निराळी आहे.

१८२० ते १८२४ या काळात साइक्स रजेवर युरोपात होता. तेथे त्याने पुष्कळ प्रवास केला. ऑक्टोबर १८२४ मध्ये तो मुंबईस परतला, तेव्हा माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर होता. नव्याने हाती आलेल्या मुलखाची नीट माहिती असल्याखेरीज कारभार करता यावयाचा नाही, हे एल्फिन्स्टन जाणून होता. त्याने साइक्सची नेमणूक सांख्यिकी माहिती गोळा करणारा अधिकारी म्हणून केली. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे त्याच्याकडे आले. गावे किती, माणसे किती, जमिनीचा कस कसा, पिके कोणती, मिरासदार कोण आणि उपरी कोण, बारा बलुतेदारांना काय मिळते, हे सारे त्याने फिरून लिहून घ्यावयाचे होते. ही चौकशी सारा बसविण्याच्या कामी येणार होती, हे उघड आहे. राज्यकर्ते माहिती गोळा करतात ती केवळ जिज्ञासेपोटी नव्हे.

पण साइक्सच्या ठिकाणी जिज्ञासा होती, आणि ती हुकुमाच्या मर्यादेत मावणारी नव्हती. गावात तंबू पडला की पाटील-कुलकर्ण्यांशी बोलणी होत, आणि त्याबरोबरच हवेच्या दाबाचे व उष्णतेचे मापही घेतले जाई. दख्खनमध्ये हवेचा दाब रोज ठराविक वेळी चढतो व ठराविक वेळी उतरतो, हे त्याने वर्षानुवर्षे नोंदी ठेवून दाखवून दिले. डोंगरांची उंची मोजण्यासाठी पाणी किती उष्णतेला उकळते ते तो पाही, कारण उंचावर पाणी लवकर उकळते. आणि या सर्वांच्या जोडीला, वाटेत भेटेल तो पक्षी, प्राणी, मासा, किडा तो टिपून ठेवी. कोणता प्राणी आहे एवढेच तो लिहीत नसे. तो कोठे आढळतो, कोठे आढळत नाही आणि मराठी लोक त्याला काय म्हणतात, हेही तो लिही.

पुण्यात असताना त्याने मुंग्यांचे जे निरीक्षण केले ते मोठे मनोरंजक आहे. १८२९ च्या जून महिन्यात त्याला काही मुंग्या वारुळातून गवताचे बी बाहेर काढताना दिसल्या. पावसाने भिजलेले ते बी त्या उन्हात वाळत घालीत होत्या. ऑक्टोबरात परतीच्या पावसाच्या सरी येऊन गेल्यावर पुन्हा तोच प्रकार. धान्य वाळत घालणारी आपल्याकडची गृहिणी आणि या मुंग्या यांत फरक तो किती! युरोपातील थंड मुलखात मुंग्या असा साठा करताना कोणी पाहिल्या नव्हत्या. त्यामुळे मुंगी धान्य साठवते ही प्राचीन ग्रंथांतली गोष्ट तिकडचे पंडित कल्पित समजू लागले होते. साइक्सच्या नोंदीने त्या जुन्या समजुतीला पाठबळ मिळाले. या मुंगीला त्याने प्रॉव्हिडेन्स, म्हणजे दूरदर्शी, असे नाव दिले.

दुसऱ्या एका मुंगीने तर त्याच्या घरातच ठाण मांडले होते. मेजावर मिठाई ठेवलेली असे, आणि मुंग्या येऊ नयेत म्हणून मेजाचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवलेले असत. तरी मुंग्या मिठाईपर्यंत पोचतच. साइक्स लक्ष ठेवून बसला. मुंग्या भिंतीवरून मेजापेक्षा उंच चढत आणि तेथून अंग सोडून देऊन थेट मेजावर पडत. त्या मुंगीचे नाव त्याने अथक या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ठेवले. घरातल्या मुंग्यांवर दुसऱ्या कोणी राख टाकली असती. तिसऱ्या एका मुंगीचे घरटे त्याला सह्याद्रीच्या झाडांवर आढळले. ते शेणाचे होते, आणि घरावर कौले शाकारावीत तसे शेणाचे पापुद्रे एकावर एक रचून त्या मुंगीने आपले छप्पर केलेले होते.

या कामात खंड पडण्याची वेळही आली. डिसेंबर १८२९ मध्ये खर्च कमी करण्यासाठी सरकारने त्याची जागाच रद्द केली. चार जिल्ह्यांचे काम अर्ध्यावर होते. पलटणीत परत जाऊन लष्करी नोकरी करावी, तर पाच वर्षांचे श्रम वाया जाणार. साइक्सने लष्करी कामातून मोकळीक मागून घेतली आणि हे काम पुढे चालू ठेवले. जानेवारी १८३१ मध्ये ते पुरे झाले, तेव्हाच तो स्वदेशी निघाला. त्याच्या आयुष्यातील हा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो. लढाईत पुढे होणारे शिपाई पुष्कळ असतात; रद्द झालेल्या जागेचे काम वर्षभर करीत राहणारे अधिकारी थोडे.

लंडनला पोचताच त्याने आपल्या वह्या उघडल्या. १८३१ साली दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध झाली, १८३२ साली पक्ष्यांची, १८३५ साली मुंग्यांविषयीचा निबंध, आणि त्यानंतर माशांची माहिती. होपने ज्या भुंगेऱ्यांची वर्णने केली ती याच सुमाराची. त्यांत कॅलोसोमा ओरिएंटाले नावाचा, अळ्यांची शिकार करणारा एक मोठा भुंगेराही आहे. दख्खनच्या तसर रेशमाच्या किड्यावर साइक्सने १८३४ साली लिहिले. बंगाल्यात ज्या किड्यापासून रेशीम काढतात, तोच किडा आपल्या रानात आहे, हे त्याने दाखवले. इकडील लोक त्या कोशाच्या चिवट पट्ट्या कापून तोडेदार बंदुकीची नळी दस्त्याला बांधण्यासाठी वापरीत. त्याच कोशातून धागा निघतो, हे मात्र त्यांच्या ध्यानी आले नव्हते.

येथे थोडे थांबून नावांची पद्धत समजून घेतली पाहिजे. स्वीडनचा लिनियस याने प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचे नाव देण्याची रीत घालून दिली. १७५८ सालापासूनची प्राण्यांची नावे शास्त्रात धरली जातात. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आपल्याकडे आडनाव आणि नाव असते, तसेच काहीसे. एकाच जातीचे प्राणी दूरदूरच्या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या राहून रंगाने वा बांध्याने थोडे वेगळे झाले, तर त्यांना उपजात म्हणतात आणि तिसरा शब्द जोडतात. जमिनीवरच्या भुंगेऱ्यांत असे फार घडते. युरोपातील कॅराबस भुंगेऱ्यांच्या पुष्कळ जातींना उडता येत नाही. एखादी डोंगरओळ किंवा नदी आड आली की अलीकडचे अलीकडे आणि पलीकडचे पलीकडे राहतात, आणि कालांतराने त्यांच्या पाठीची झळाळीसुद्धा वेगळी होते. त्यामुळे एकेका जातीच्या कितीतरी उपजाती तिकडे मोजल्या गेल्या आहेत. आपले क्लीनियस भुंगेरे बहुधा उडतात, रात्री दिव्यावरही येतात. त्यांच्या मर्यादा इतक्या सोप्या रीतीने आखता येत नाहीत. हर्बर्ट अँड्र्यूज याने भारतातील या कुलावर १९२९ आणि १९३५ साली दोन खंड लिहिले, तेव्हा जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या वाचता वाचता तो किती दमला असेल याची कल्पना करावी. कारण जुन्या संग्रहांतील चिठ्ठीवर पुष्कळदा एका प्रांताचे किंवा शहराचे नाव तेवढे असते. दगडाखाली सापडला की दिव्यावर, नदीकाठी की माळावर, हे कोणी लिहिलेले नसते.

साइक्सचे वैशिष्ट्य येथेच दिसून येते. त्याच्या यादीतील लांडग्याचेच उदाहरण घ्या. आपल्या माळावरच्या लांडग्याला त्याने १८३१ साली कॅनिस पॅलिपेस असे नाव दिले. त्याचा अर्थ फिकट पायांचा. मराठी नाव लांडगा हेही त्याने नोंदले. आणि पुढे असे लिहिले की, हा प्राणी दख्खनच्या उघड्या, खडकाळ माळांवर पुष्कळ आहे, परंतु घाटातील जंगलांत तो भेटत नाही. याच्या उलट, मराठे ज्याला कोळसून किंवा कोळसुंदा म्हणतात तो तांबडा रानकुत्रा घाटातील रानांत असतो. त्याला त्याने दुखुनेन्सिस, म्हणजे दख्खनचा, असे नाव दिले. एक माळाचा, एक रानाचा. दोन ओळींत त्याने पुणे जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पाडून दाखवले.

त्याने दिलेली सारीच नावे टिकली असे मात्र झाले नाही. माळावरच्या खोकडाला त्याने कोकरी असे नाव दिले होते; ते मराठी नावावरूनच घेतलेले आहे. पण त्या प्राण्याचे नामकरण १८०० सालीच दुसऱ्या एका शास्त्रज्ञाने केलेले होते. पहिले नाव ते खरे, असा नियम असल्यामुळे कोकरी हे नाव मागे पडले. रानकुत्र्याचेही तसेच. त्याचे मूळ नाव १८११ साली रशियन राज्यातील पालास याने दिलेले निघाले. म्हणून साइक्सने दिलेले नाव तिसऱ्या जागी, उपजातीचे म्हणून राहिले. शास्त्रीय ग्रंथांत प्राण्याच्या नावापुढे नाव देणाऱ्याचे नाव व वर्ष लिहितात. प्राणी पुढे दुसऱ्या प्रजातीत गेला, तर ते नाव कंसात घालतात. रानकुत्र्यापुढे साइक्स कंसात आहे, दूरदर्शी मुंगीपुढेही कंसात आहे. लांडग्यापुढे तो उघडा उभा आहे.

पक्ष्यांच्या यादीतही अशाच गमती आहेत. शिरूरच्या कोणत्याही डबक्याकाठी मान आखडून बसणारी ढोकरी साइक्सनेच प्रथम शास्त्राला ओळखीची करून दिली. माळावर कलकलाट करीत टोळीने फिरणाऱ्या करड्या सातभाईला त्याने मुंबईचा गव्हर्नर माल्कम याचे नाव दिले. माल्कमला हा मान आवडला असेल काय, कोण जाणे! तुरेवाल्या एका चंडोलाचे नाव त्याने देव असे ठेवले. हा चंडोल भारताबाहेर आढळत नाही, आणि इंग्रजीत तो आज साइक्सच्याच नावाने ओळखला जातो. बाभळीच्या झुडपांत हिवाळ्यात वावरणाऱ्या एका चिमुकल्या, मातकट रंगाच्या वटवट्याला त्याने राम हे नाव दिले. साइक्सला तो दख्खनमध्ये भेटला खरा, पण तो येथे केवळ हिवाळ्याचा पाहुणा असतो. त्याची वीण मध्य आशिया व इराणकडील कोरड्या प्रदेशांत होते. पुढे दीर्घकाळ त्याला दुसऱ्या एका वटवट्याची उपजात समजत. दोघांचे आवाज, घरटी आणि वस्तीच्या जागा बारकाईने पाहिल्यावर तो निराळी जात म्हणून पुन्हा मान्य झाला. अशा रीतीने नाव वर चढते, खाली उतरते आणि कधी कधी पुन्हा वर चढते.

आता घोड नदीकडे येऊ. साइक्सने चाळीसहून अधिक मासे वर्णन केले, आणि त्यांतले पुष्कळ भीमा व तिच्या उपनद्यांचे आहेत. त्यांची नावे वाचली तर एखाद्या भोयाने ती सांगितली आणि साहेबाने ऐकली तशी रोमन लिपीत उतरवली, हे सहज ध्यानात येते. शिंगटी, फुलंगी, मुळ्या अशी ती नावे आहेत. लॅटिन भाषेच्या पंक्तीला आमचे मराठी मासे असे जाऊन बसले. त्यांतलाच एक मुसुल्ला हा मोठा मासा. तो शिरूरजवळ घोड नदीत मिळाला, अशी साइक्सची नोंद आहे.

या मुसुल्ल्याने पुढच्या काळात विद्वानांना चांगलेच चकवले. दक्षिणेत कावेरी नदीत पाठीवर उंचवटा असलेला एक प्रचंड महसीर मासा राहतो. गळ टाकून मासे पकडणाऱ्या शौकिनांत तो जगप्रसिद्ध आहे. विसाव्या शतकात हाच साइक्सचा मुसुल्ला असे समजले गेले, आणि ग्रंथांतून तसे छापलेही गेले. एकाचे नाव दुसऱ्याला लागले आणि दोन नद्यांची सरमिसळ झाली. घोड नदीचे पाणी भीमेतून कृष्णेला जाते. कावेरीशी तिचा काही संबंध नाही. शेवटी २०१३ साली काही संशोधकांनी साइक्सचे मूळ वर्णन पुन्हा वाचून काढले. त्यातील लक्षणे महसीराशी जुळत नाहीत, हा मासा हिप्सेलोबार्बस नावाच्या निराळ्याच प्रजातीतला आहे, असे त्यांनी दाखवून दिले. यामुळे कावेरीचा तो प्रसिद्ध महसीर क्षणभर बिननावाचा झाला. त्याचे योग्य नाव टॉर रेमादेवी हे असल्याचे २०१८ साली ठरले. नाव नक्की झाल्याशिवाय तो किती उरला आहे हे मोजता येत नाही आणि मोजल्याशिवाय त्याचे रक्षण करता येत नाही, म्हणून या निवाड्याला महत्त्व होते. तो मासा आज नष्ट होण्याच्या अगदी कडेला आहे. शिरूरच्या काठावर लिहिलेल्या ओळींचा असा उपयोग पावणेदोनशे वर्षांनी व्हावयाचा होता.

साइक्सचे उरलेले आयुष्य इंग्लंडात गेले. १८३३ साली तो कर्नल म्हणून निवृत्त झाला, पुढच्या वर्षी रॉयल सोसायटीचा सभासद झाला, आणि लंडनची सांख्यिकी संस्था स्थापन करणाऱ्यांत त्याचा हात होता. १८४० साली तो ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळावर गेला आणि १८५६ साली तिचा अध्यक्ष झाला. १८५७ पासून मृत्यूपर्यंत तो ॲबर्डीनचा प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटात होता. मानमरातब त्याला भरपूर मिळाला. पण त्या काळातल्या त्याच्या भाषणांची आज फारशी कोणी आठवण काढीत नाही. १६ जून १८७२ रोजी लंडनमधील केन्सिंग्टन येथे तो मरण पावला. ज्या कंपनीची त्याने उभी हयात नोकरी केली, तिचे राज्य त्याच्या डोळ्यांसमोर १८५८ मध्येच संपले होते.

त्याचा लांडगा मात्र अद्याप आहे. शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर या भागांतील माळांवर रात्री मेंढवाड्याभोवती तो घिरट्या घालतो, आणि धनगर पहाटेपर्यंत कुत्री घेऊन जागतात. माळ कमी होत चालला आहे. नांगर, रस्ते, कारखाने यांनी त्याचे तुकडे पाडले आहेत. भटक्या कुत्र्यांशी लांडग्याचा संकर झाल्याचेही पुणे जिल्ह्यात आढळले आहे. मेंढी गेल्याचे दुःख धनगरालाच ठाऊक. त्याच्या पुढे शास्त्राच्या गोष्टी सांगू नयेत. तरीही मी पाहिलेले काही वृद्ध धनगर लांडग्याचा सरसकट नायनाट व्हावा असे म्हणत नसत. माळावर त्याचाही वाटा असतो, असे ते मानीत.

लिनियसने १७५८ साली युरोपातील लांडग्याला कॅनिस लुपस असे नाव दिले होते. साइक्सचा फिकट पायांचा लांडगा पुढे त्याचीच उपजात ठरला आणि कॅनिस लुपस पॅलिपेस असे त्याचे तीन शब्दी नाव रूढ झाले. या उपजातीची व्याप्ती भारतापासून पश्चिमेस इराण, तुर्कस्तानापर्यंत पसरली आहे, असे पुस्तकांत लिहिले जाई. परंतु रक्तातील आनुवंशिक द्रव्य वाचण्याची विद्या आली आणि हे चित्र बदलू लागले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतातील लांडग्यांची शाखा फार प्राचीन असल्याचे दिसून आले. २०२१ सालच्या अधिक विस्तृत अभ्यासाने तिला दुजोरा दिला. भारतीय लांडगा इतर लांडग्यांपासून फार पूर्वी वेगळा झाला आहे आणि पश्चिम आशियातील लांडगे त्याच्या शाखेतले नाहीत, असे त्यातून निघाले. त्याला उपजात न म्हणता स्वतंत्र जात म्हणावे की काय, याचा खल शास्त्रज्ञांत चालू आहे. तसे ठरले, तर मधला लुपस हा शब्द गळून पडेल आणि साइक्सने १८३१ साली लिहिले होते तेच दोन शब्द पुन्हा उरतील.